मोडक्या फ्रिजमध्ये रेशमाची अंडी

आता गावोगावी फ्रिज आले आहेत, आणि जिथे फ्रिज आले तिथे दहा-पंधरा वर्षांत मोडके फ्रिजही साठले आहेत. कुणाच्या पडवीत त्यात बाजरीच्या पिशव्या ठेवलेल्या दिसतील, कुणाच्या गोठ्याशेजारी तो आडवा पडून कोंबड्यांचा खुराडा झालेला दिसेल. कारागीर सांगतो, ‘मशीन गेलं, नवीन बसवायचं तर जवळपास नव्या फ्रिजएवढा खर्च येईल.’ मग भंगारवाला वजनावर मोजून नेतो.

पण त्या फ्रिजमध्ये खरोखर काय मोडले, हे थोडे समजून घ्या. मोडले ते गार करणारे यंत्र. फ्रिजच्या भिंती मात्र धडधाकट असतात. बाहेर पत्रा, आत प्लॅस्टिक आणि दोहोंच्या मध्ये दोन-तीन बोटे जाडीचा फेस भरलेला. त्या फेसात वायूचे लाखो बारीक बुडबुडे कोंडलेले असतात, म्हणून बाहेरची उष्णता आत आणि आतली बाहेर फार हळू जाते. दाराच्या कडेला रबराची चुंबकी पट्टी असते, ती आतला ओलावा सहसा बाहेर जाऊ देत नाही. थोडक्यात, गार करण्याचे काम त्याला जमत नसले तरी आत जे असेल ते धरून ठेवण्याचे काम तो पूर्वीइतकेच चोख करतो.

आपल्या मराठवाड्यात ही गोष्ट कुणाला नवी नाही. जुन्या लोकांनी धान्यासाठी जमिनीत पेवे खणली, जाड भिंतीत बळदे केली, घरावर मातीचे माळवद घातले. वैशाखात बाहेर फुफाटा उडत असला तरी माळवदाच्या खोलीत डोळा लागायचा. तिथे यंत्र नव्हते. जाड भिंत आणि कोंडलेली हवा, एवढाच तो उपाय. मोडका फ्रिज म्हणजे एक लहानसे, उचलून नेता येणारे माळवदच समजा.

आता अशा पेटीचा शेतकऱ्याच्या घरात खरा उपयोग कोणता? बीड जिल्ह्यापुरते उत्तर देतो: रेशमाची अंडी उबवण्यासाठी.

एका महिन्याचे पीक अकरा दिवसांवर उभे

बीड जिल्ह्यात तुतीची लागवड गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली. कारण उघड आहे. उसाइतके पाणी तुतीला लागत नाही, आणि पाऊस रुसला की कोयता घेऊन परमुलखात जाण्यापेक्षा घरच्या शेडमध्ये महिन्याभरात एक पीक काढणे केव्हाही बरे. राज्यात १ सप्टेंबर १९९७ रोजी स्वतंत्र रेशीम संचालनालय स्थापन झाले, त्याचे मुख्य कार्यालय नागपूरला आहे. पूर्वी कोष विकायला कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे. २०१८ साली जालन्याला कोषांचा बाजार सुरू झाला आणि पुढे बीडच्या बाजार समितीतही कोषखरेदी होऊ लागली. बाजार दारात आला. म्हणजे पीक चांगले आले तर पैसा लवकर हाती येतो, आणि पीक बिघडले तर त्याचा चटकाही लगेच बसतो.

ज्यांच्या घरी रेशीम आहे त्यांना हिशेब ठाऊक आहे, नवख्यांसाठी सांगतो. एका मादी पतंगाने घातलेल्या अंड्यांना एक अंडीपुंज म्हणतात. त्यात साधारण चारशे ते पाचशे अंडी असतात. शंभर अंडीपुंज म्हणजे चाळीस ते पन्नास हजार अळ्या. पीक चांगले साधले तर शंभर पुंजांमागे साठ-सत्तर किलो कोष निघतात. चांगल्या पुंजांत शंभरातली नव्वदच्या वर अंडी फुटली पाहिजेत. समजा त्यातली वीस मेली, तर सत्तर किलोंच्या पिकातले चौदा किलो कोष त्याच दिवशी गेले. तुतीला दिलेले पाणी, खत आणि शेडचा खर्च मात्र तेवढाच राहिला.

त्याहून वाईट म्हणजे अंडी मागेपुढे फुटणे. आज निम्म्या अळ्या बाहेर, उद्या पाव, परवा उरलेल्या, असे झाले की पुढचा सगळा महिना बिघडतो. रेशीम अळी चार वेळा कात टाकते. कात टाकताना ती खात नाही, मान वर करून स्वस्थ बसते, आणि त्या वेळी पाला बंद ठेवावा लागतो. एकाच रॅकवर काही अळ्या झोपलेल्या आणि काही भुकेल्या असतील तर पाला द्यायचा की नाही? दिला तर झोपलेल्या पाल्याखाली गाडल्या जातात, नाही दिला तर भुकेल्या उपाशी राहतात. मग लहान-मोठ्या अळ्या एकत्र होतात, दुबळ्या मागे पडतात आणि रोग तिथून शिरतो. पुष्कळदा शेवटच्या आठवड्यात दिसणाऱ्या नुकसानीचे मूळ अंडी उबवताना झालेल्या हेळसांडीत असते.

अंड्याला काय हवे, आणि आपली हवा काय देते

अंड्याच्या मागण्या थोड्या, पण नेमक्या आहेत. उष्णतामान २५ अंश सेल्सिअस. हवेतला ओलावा शंभरात पंचाहत्तर ते पंच्याऐंशी. रोज सोळा तास उजेड, आठ तास अंधार. थोडी शुद्ध हवा. एवढे मिळाले तर शीतगृहातून सोडलेली दुबार जातीची अंडी साधारण दहा-अकरा दिवसांत फुटतात.

उष्णता तीस अंशांच्या वर गेली की आतला जीव तडफडतो. वीसच्या खाली गेली की त्याची वाढ रखडते. ओलावा कमी पडला तर अंडे आतून सुकते, त्याला खळगा पडतो, आणि अळी तयार झाली तरी तिला कवच फोडून बाहेर येता येत नाही.

आता आपल्याकडची हवा पाहा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या पुढे जातो आणि हवा अशी कोरडी असते की वाळत टाकलेले लुगडे तासाभरात कडक होते. पौष-माघात पहाटे हुडहुडी भरते आणि दुपारी पुन्हा ऊन तापते. दिवस आणि रात्र यांत पंधरा-पंधरा अंशांचा फरक पडतो. अंड्याला दिवसरात्र एकसारखी हवा लागते आणि आपल्याकडे तीच मिळत नाही. म्हणूनच एक धरून ठेवणारी पेटी हवी.

दूरदेशीची एक युक्ती

ही युक्ती परदेशात भलत्याच वस्तूसाठी वापरतात. तिकडे शौकीन लोक महागडे सिगार बाळगतात. सिगार म्हणजे तंबाखूच्या पानांची जाड विडी. ती कोरडी पडली तर चुरा होते, फार ओली झाली तर बुरशी धरते. हवेत शंभरात सत्तरच्या आसपास ओलावा असलेली पेटी तिला लागते. तयार पेट्या महाग असतात, म्हणून काही कसबी लोक जुने फ्रिज किंवा बर्फाची पेटी घेऊन घरीच अशी पेटी बनवतात. यंत्र बंद, भिंती कामाला.

आपल्याला त्यांच्या सिगारशी काही देणेघेणे नाही, पण त्यांची एक साधी रीत घेण्यासारखी आहे: मिठाने ओलावा राखण्याची. घरातले साधे मीठ पाण्याने ओले करून बंद जागेत ठेवले, तर काही तासांनी त्या जागेतला ओलावा शंभरात पंचाहत्तरवर येऊन थांबतो. हवा त्यापेक्षा कोरडी झाली तर ओले मीठ पाणी सोडते, हवा जास्त ओली झाली तर मीठ पाणी ओढून घेते. वीस अंश असो की तीस, आकडा जवळपास तोच. याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, आणि मीठ प्रत्येक घरात असतेच.

फ्रिज निवडताना

एका दाराचा लहान घरगुती फ्रिज पुरे. दोन-तीन जाळ्यांवर शंभर-दीडशे पुंजांचे कागद एका थरात पसरता येतात.

पहिली परीक्षा दाराची. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी ओढा. थोडी अडखळून आली तर रबर चांगले आहे. सहज निघाली तर तेथून वारा शिरतो. रबर कोमट पाण्याने धुऊन पाहा, फाटले असेल तर बदला.

दुसरी परीक्षा नाकाची. ज्या फ्रिजमध्ये कधी फवारणीचे औषध, गोचिडाचे औषध किंवा तंबाखू ठेवली असेल, तो फ्रिज घेऊच नका. प्लॅस्टिकमध्ये मुरलेला वास धुऊन जात नाही आणि रेशीम अळी या विषांना फार हळवी असते.

तिसरी गोष्ट यंत्राची. मागचे मशीन आणि नळ्या घरी कापू नका. अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये भरलेला वायू पेट घेणारा असतो. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून तो वायू काढून घ्या आणि मशीन उतरवून घ्या. ते झाल्याशिवाय आत दिवा, तार किंवा भोक यांपैकी काहीही करायचे नाही.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी, आणि घरातल्या माउलीने ती आपल्या ताब्यात ठेवावी. जुन्या फ्रिजला बाहेरून बसणारी खिट्टी असते. लपाछपी खेळताना लहान मूल आत शिरले आणि दार लागले तर आतून उघडत नाही, हाक बाहेर ऐकू येत नाही आणि थोड्या वेळात मूल गुदमरते. अमेरिकेत असे अपघात इतके झाले की १९५६ साली फ्रिजचे दार आतून उघडता आलेच पाहिजे असा कायदा करावा लागला. तेव्हा खिट्टी असेल तर आधी ती काढून टाका. पेटी रिकामी असेल तेव्हा दार बिजागरीतून उतरवून ठेवा, नाहीतर दाराची बाजू भिंतीला चिकटवून ठेवा. हे काम उद्यावर टाकू नका.

धुणे आणि मांडणी

आतले जुने खण, जाळ्या बाहेर काढा. एक लिटर पाण्यात वीस ग्रॅम ब्लिचिंग पावडर आणि तीन ग्रॅम विरलेला चुना मिसळा. शेड निर्जंतुक करायला हेच द्रावण वापरतात. त्यात बुडवलेल्या फडक्याने आतली प्रत्येक कड पुसा, अर्धा तास जाऊ द्या, मग साध्या पाण्याने दोनदा पुसून दार उघडे ठेवून वास जाईपर्यंत वाळवा. हाताला रबरी मोजे आणि तोंडाला रुमाल असू द्या.

फ्रिजच्या आत मागच्या बाजूला पाणी निथळण्याचे एक लहान भोक असते. ते बुजवू नका. अंड्यांना श्वास घ्यायला तेवढी वाट उपयोगी पडते आणि तार आत घ्यायची असेल तर नवे भोक पाडावे लागत नाही. बाहेरून त्यावर बारीक जाळी लावा म्हणजे मुंग्या येणार नाहीत. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

पेटीची जागा घरातली सर्वांत गार आणि स्थिर खोली. माळवदाची किंवा मातीच्या भिंतीची खोली असेल तर उत्तम. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हाच्या खिडकीसमोर ठेवाल तर पेटीवर नाहक भार पडेल.

मिठाची परात

पसरट प्लॅस्टिकची परात घ्या, पत्र्याची नको, मिठाने गंजते. त्यात एक किलो साधे मीठ टाका आणि तीनशे-चारशे मिलिलिटर पाणी थोडे थोडे घालत कालवा. ओल्या वाळूसारखे दिसले पाहिजे. मीठ पूर्ण विरघळू द्यायचे नाही. न विरघळलेले मीठ डोळ्यांना दिसत राहिले तरच युक्ती चालते. परात पेटीच्या तळाशी ठेवा. मीठ वाळून त्यावर पापुद्रा धरला तर चमचाभर पाणी घाला. पाणी वर तरंगून मीठ दिसेनासे झाले तर मूठभर मीठ घाला.

एवढ्याने ओलावा पंचाहत्तरवर राहील. उन्हाळ्यात दार उघडताना तो घसरतो, म्हणून वरच्या कडेला स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेली फोमची पट्टी ठेवा. पट्टी ओलावा वाढवील आणि मीठ त्याला लगाम घालील. पट्टीचे किंवा परातीचे पाणी अंड्यांच्या कागदाला लागता कामा नये.

उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब

पेटीत पाण्याने भरलेल्या बंद बाटल्या ठेवा, निदान दहा लिटर पाणी होईल इतक्या. पाणी लवकर तापत नाही आणि लवकर निवत नाही. वीज गेली, दार उघडले तरी बाटल्या उष्णतामान सांभाळतात.

उन्हाळ्यात या बाटल्या माठातल्या पाण्याने भरा आणि सकाळ-संध्याकाळ बदला. पेटीवर ओले गोणपाट टाका, मात्र विजेची तार त्यापासून दूर ठेवा. कोरड्या हवेत गोणपाट चांगलाच गारवा देते. कडक उन्हाच्या दिवसांत बर्फाची मदत घ्या. एक किलो बर्फ वितळताना इतकी उष्णता ओढतो की तेवढ्यात आठ लिटर पाणी दहा अंशांनी गार होईल. म्हणजे बाहेर अडतीस अंश असताना एक लिटरची गोठलेली बाटली लहान पेटीला काही तास सहज सांभाळते. दुपारी अकराला एक आणि तीन-चारला दुसरी, असा क्रम ठेवून पाहा. पण बर्फाची बाटली उघडी ठेवू नका. तिच्यावर हवेतला ओलावा थेंब होऊन जमतो आणि पेटी उलट कोरडी पडते. म्हणून ती जाड ओल्या फडक्यात गुंडाळून, ताटलीत, अंड्यांपासून वीतभर लांब ठेवा.

याच कारणाने चालू फ्रिजमध्ये अंडी उबवता येत नाहीत. एक तर तो फार गार, आणि दुसरे म्हणजे त्याची थंड जाळी सतत हवेतले पाणी काढून घेते. अंडी थंडीत राखून ठेवणे हे बीजागारातील जाणत्या माणसांचे काम, घरचे नव्हे.

हिवाळ्यात पंधरा किंवा पंचवीस वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा पुरतो. कोंबडीची अंडी उबवणाऱ्या यंत्राला लागतो तसा उष्णता-नियंत्रक विजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. तो २५ अंशांवर लावला की दिवा आपोआप लागतो आणि विझतो. दिवा तळाशी विटेवर, भोके पाडलेल्या पत्र्याच्या डब्याखाली ठेवा. प्लॅस्टिकच्या भिंतीला किंवा मिठाच्या परातीला त्याचा स्पर्श नको. डब्याने उजेड झाकला जातो आणि ऊब पसरते. नियंत्रकाचा काटा मात्र अंड्यांच्या उंचीवर बांधा, कारण तळाचे आणि माथ्याचे उष्णतामान सारखे नसते. जोडणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या. ओली परात आणि वीज एकाच पेटीत आहेत हे विसरू नका.

वीज भरवशाची नसेल तर दिव्याच्या जागी कोमट पाण्याच्या बाटल्या चालतात. हाताला सोसेल इतकेच पाणी कोमट असावे. पहाटे एकदा उठावे लागेल, एवढेच.

पावसाळ्यात उष्णतामान बरेचसे आपोआप जुळते. तेव्हा काळजी जास्त ओलाव्याची. फोमची पट्टी काढून टाका, नुसते मीठ राहू द्या.

यंत्र खरे बोलते का?

उष्णता आणि ओलावा दाखवणारे लहान घड्याळासारखे यंत्र स्वस्तात मिळते, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. त्याचीही परीक्षा मिठानेच होते. घट्ट झाकणाच्या डब्यात ओल्या मिठाची वाटी आणि शेजारी ते यंत्र ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी पंचाहत्तर दाखवले तर यंत्र खरे. सत्तर दाखवले तर ते पाच कमी सांगते, हे त्यावर लिहूनच ठेवा.

शेडमध्ये ओल्या-कोरड्या पाऱ्याचा तापमापक असेल तर तोही चालतो. कोरडा पारा २५ वर असताना ओला पारा अडीच ते तीन अंश खाली असेल, तर ओलावा हवा तसा आहे.

अंडी आणण्यापूर्वी निदान तीन दिवस पेटी रिकामी चालवून पाहा. पहाट, भरदुपार, दिवेलागण आणि झोपताना असे चार आकडे रोज वहीत लिहा. मुलांची शाळेची वही चालेल. हे काम मुले आनंदाने करतात. दिवसभरात दोन अंशांपेक्षा जास्त चढउतार दिसला तर बाटल्या वाढवा, जागा बदला. पेटीची परीक्षा रिकामी असतानाच घ्यायची.

अंडी आल्यावर

अंडी सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर आणा, ओलसर फडक्याने झाकलेल्या टोपलीत. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत नको, गाडीच्या डिकीत पेट्रोलच्या वासात नको, आणि खताच्या-औषधाच्या दुकानात थांबा नको.

कागद जाळीवर एका थरात पसरा. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे दार उघडून वही किंवा पुठ्ठ्याने हलकी हवा द्या. वरचा कागद खाली, खालचा वर अशी रोज अदलाबदल करा. उजेडासाठी आत एक लहान एलईडी दिवा सोडा. पहाटे पाचला लावला आणि रात्री नऊला बंद केला की सोळा तास झाले.

आठव्या-नवव्या दिवसापासून अंडी बारकाईने पाहा. आधी अंड्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो. ते अळीचे डोके. तेथून साधारण अठ्ठेचाळीस तासांनी अंडे फुटते. ठिपका बहुतेक अंड्यांवर दिसला की उजेडाचा दिवा बंद करा आणि अंडी पूर्ण अंधारात ठेवा. कागद काळ्या कापडात गुंडाळले तर आणखी चांगले. दुसऱ्या दिवशी अंडी निळसर दिसू लागतात.

या अंधाराचे इंगित असे: पुढे गेलेल्या अळ्या उजेडाची वाट पाहत थांबतात आणि मागे राहिलेल्या त्यांना गाठतात. फुटण्याच्या दिवशी पहाटे कापड काढून भरपूर उजेड द्या. दोन-तीन तासांत बहुतेक सगळ्या अळ्या एकदम बाहेर येतात. मग सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान कोवळा, बारीक चिरलेला पाला घालून त्यांना उचलून घ्या. एका सकाळी फुटलेल्या अळ्या पुढे एकदमच झोपतात, एकदम उठतात आणि कोषही एकदमच करतात.

तंबाखूला उंबरठ्याबाहेर ठेवा

आता एक कडक गोष्ट. परदेशात ज्या तंबाखूसाठी ही पेटी बनवतात, तीच तंबाखू रेशीम अळीची वैरीण आहे. तंबाखूतले विष कीड मारण्यासाठी वापरले जात असे, आणि रेशीम अळी ही शेवटी एक कीडच आहे. तंबाखू मळलेल्या बोटांनी पाला हाताळला तर अळ्या माना हलवतात, हिरवे पाणी ओकतात आणि मरतात. तेव्हा घरातल्या कारभाऱ्याला तलफ असेल तर त्याने हात साबणाने स्वच्छ धुऊनच पेटीला हात लावावा. त्याहून चांगले म्हणजे पेटीचे काम ज्याला तंबाखू-मिश्रीचे व्यसन नाही त्यानेच करावे. हे मिश्री लावणाऱ्या आजीलाही गोडीने सांगा. डासांची अगरबत्ती, कापराच्या गोळ्या, फवाऱ्याचा वास या गोष्टीही त्या खोलीत नकोत.

पेटीकडून किती अपेक्षा ठेवावी

ही पेटी अंड्यांसाठी आहे, अळ्यांसाठी नव्हे. अळी फुटली की तिला सत्तावीस-अठ्ठावीस अंश ऊब आणि पंच्याऐंशी-नव्वद ओलावा लागतो, आणि मुख्य म्हणजे भरपूर मोकळी हवा. बंद पेटीत पाला सडतो, वाफ धरते आणि कोवळ्या अळ्या गुदमरतात. तेव्हा फुटलेल्या अळ्या त्याच दिवशी निर्जंतुक केलेल्या चॉकीच्या खोलीत न्या.

जे शेतकरी चॉकी केंद्रातून दोन वेळा कात टाकलेल्या अळ्या विकत आणतात, त्यांना या पेटीची गरज नाही. नवख्या माणसाने पहिली पिके तशीच घ्यावीत, त्यात शहाणपण आहे. ज्यांचे केंद्र लांब आहे, ज्यांना वेळेवर चॉकी मिळत नाही, किंवा जे चार घरे मिळून स्वतःच अंडी उबवू पाहतात, त्यांच्यासाठी ही पेटी आहे. आणि बीजागारातूनच अंडी बिघडून आली असतील, तर कुठलीही पेटी त्यांना वाचवू शकणार नाही. रोगमुक्त अंडीपुंज रेशीम कार्यालयामार्फत किंवा मान्यताप्राप्त बीजागारातूनच घ्या.

पीक उतरल्यावर पेटी पुन्हा धुवा, वाळवा, दार उतरवून ठेवा. मधल्या दिवसांत तिच्यात औषध लावलेले बियाणे किंवा गुरांची औषधे ठेवण्याचा मोह टाळा. एकदा लागलेला वास पुढच्या पिकाला भोवेल.

या पेटीला लागणारे सामान तुमच्या गावातच आहे: एक मोडका फ्रिज, किलोभर मीठ, पाण्याच्या बाटल्या आणि एक वही. विकत घ्यायचे ते लहान यंत्र आणि नियंत्रक. बाकी लागते ती नजर, दिवसातून चार वेळा, अकरा दिवस. भंगारवाल्याने पुढच्या वेळी हाक दिली तर लगेच तराजू मागवू नका. आधी दाराच्या रबराला कागदाची पट्टी लावून पाहा.